मन्नूबियानं मीठ चोळलेलं कातडं

आमच्या गल्लीतली नज़ीहा स्फाक्स शहरातल्या एका प्रयोगशाळेत जंतू वाढवते. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस, पण तिनं समजावलं ते मला चटकन उमगलं. गरम झऱ्यातला एक जंतू प्रथिनं पचवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, बनवतो. कढत पाणी, साबण, कशालाच न जुमानणारं. पण जंतू महाचिक्कू, थेंबाथेंबानं देतो. म्हणून हिनं त्याचं ते विकराचं जनुक काढून एका गरीब स्वभावाच्या, भराभर वाढणाऱ्या जंतूत घातलं.

"म्हणजे सासूच्या हातची कृती सुनेला शिकवलीस," मी म्हणालो.

"हाज, तुम्हीच या शिकवायला," ती हसली. हजला जाऊन आल्यापासून गल्ली मला हाजच म्हणते.

सून भरभरून विकर बनवू लागली. प्रयोगशाळेच्या साहेबांना मात्र शंका, हेही तितकंच कणखर असेल का? चामडं कमावणारा सालेम ईदनंतर बघायला येणार होता. कातड्यावरची लोकर विकरानं सुटली तर ठीक, नाही तर काम बंद आणि नज़ीहाची नोकरीही.

ईदच्या दिवशी मेंढ्याचं ताजं कातडं सावलीत पसरून ती विकर आणायला गेली. जाताना आईला, मन्नूबियाला, बजावलं, "उम्मी, याला हात लावू नकोस."

मन्नूबिया शेजारी मांस वाटून परतली. उघडं कातडं दिसलं, आणि डोकं चालायच्या आधी हात चालले. मूठमूठ मीठ चोळून तिनं घडीसुद्धा घातली.

नज़ीहा आली आणि तिनं घडी उलगडली. "अगं, मिठात हे विकर टिकतं की नाही, आम्ही पाहिलेलंच नाही."

"मग काय सडू द्यायचं? गल्लीनं तोंडात शेण घातलं असतं माझ्या."

माझ्या नळावर आम्ही कातडं खळखळून धुतलं, पण मीठ आत मुरलं होतं. दुसरं कातडं कुठून आणणार? घरोघरच्या कातड्यांना मीठ लागलेलंच. शेवटी तिनं विकर फासलं आणि झाकून ठेवलं.

सकाळी सालेम आला. बोटांनी लोकर ओढली, तर हातरुमालासारखी अलगद निघून आली. खाली कातडं गुळगुळीत. पण नज़ीहाला लपवणं जमेना. "सालेमभाई, खरं सांगते, हे खारवलेलं होतं."

"मग? माझ्याकडे सगळी खारवलेलीच येतात, पोरी. ताज्यावर दाखवलं असतंस तर मी चहा पिऊन घरी गेलो असतो."

नज़ीहा भिंतीला टेकली आणि रडता रडता हसू लागली. साहेबांना फोन मीच लावून दिला.

मन्नूबिया तिकडे लोकर गोळा करत होती. "बरी निघाली गं. एक गादी होईल."