बहिणीचं बाळ

लोहाऱ्याहून धाराशिवला निघालेल्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. पोट चांगलंच पुढं आलेलं, हातात गरम भज्यांचा पुडा. पुढच्या बाकावरच्या आजींनी मान वळवून कितवा महिना म्हणून विचारलं.

"सातवा. पण बाळ माझं न्हाय, धाकट्या बहिणीचं हाय."

आजी हबकल्या. "आन् तुझ्या पोटात कसं गं?"

"तिची गर्भपिशवी काढावी लागली. मग त्या दोघांचा गर्भ डॉक्टरांनी माझ्या पोटात ठेवला. मी निस्तं वाढवतीय."

तेवढ्यात बहिणीचाच फोन आला. तिखट खाऊ नको, बाळ चिडकं होईल, असं ती इतक्या मोठ्यानं सांगत होती की मलाही ऐकू आलं. "न्हाय गं बाई, केळं खातीय," म्हणत हिनं मिरचीचं भजं तोंडात टाकलं. फोन ठेवून मला म्हणाली, "चिडकं झालंच तर आईवर गेलं म्हणायचं. माझा काय संबंध?"

मला हसू आवरेना. आजी मात्र गंभीर होत्या. "देताना जीव तुटंल गं तुझा."

तिनं सावकाश पदराला हात पुसले.

"तुटंल की. माझी दोन्ही पोरं तिनंच कडेवर घेऊन वाढवली, आजी. दरवेळी माझ्याकडं परत देताना रडायची. आता एकदा मी रडते."