सांडणीला दिलेलं इंजेक्शन

मध्यप्रांत-वऱ्हाडच्या नोकरीत ढोरांचा डॉक्टर म्हणून लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. बैलांचे खूर, म्हशींचे सड यांत हात बसला होता. उंटाला मात्र कधी हात लावला नव्हता. अशात संग्रामपूरकडच्या एका बड्या खातेदाराचं बोलावणं आलं. त्यांची बसायची सांडणी, म्हणजे उंटीण, चार वर्षांत एकदाही गाभण राहिली नव्हती. त्यांनी मुंबईहून नवं औषध मागवलं होतं, गाभण घोडीच्या रक्तातून काढलेलं. गाई-मेंढ्या माजावर याव्यात म्हणून ते देत. उंटाला कुणी दिल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं.

मी आधी दीड महिना शार्क माशाच्या लिव्हरचं तेल आणि मोड आलेले हरभरे चारायला सांगितलं. मग टोचायचा दिवस आला. सांडणी बसवून तिचे गुडघे बांधले. आत हात घालून आधी तपासायला हवं, हे मला ठाऊक होतं. पण तिने मान वळवून दात दाखवले. तिला सांभाळणाऱ्या सालगड्याच्या दंडावर तिच्याच दातांची खूण होती. माझं धाडस झालं नाही. चार वर्षं राहिली नाही ती आता कुठली राहते, असं मनाशी म्हणत मी सुई टोचून मोकळा झालो.

आठवड्याने काठेवाडी मेंढपाळांचा तांडा आला. मालक खामगावला गेले होते. तांड्यातल्या म्हाताऱ्याने तिला फळवायला आपला नर उंट जवळ आणताच सांडणीने अंग ताठ केलं आणि शेपटी सरळ वर उचलली. म्हातारा थांबला.

"साब, ये पेट से है," तो म्हणाला आणि उंट घेऊन निघून गेला.

सालगडी मटकन खाली बसला.

"दिवाळीच्या मांगून सुटली होती जी. दोन दिसांनी डोंगराकडे दुसऱ्या तांड्यात सापडली. मालक खवळतीन म्हणून बोललो नाही." मग हळूच म्हणाला, "आता त्या सुईनं गाभडन का? पिल्लू पडन?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं.

मालकांनी वर एक पत्र धाडलं असतं तर माझी नोकरी गेली असती. दुसऱ्या दिवशी ते परतले, तेव्हा मी त्यांच्या ओसरीवर गेलो. "सांडणी मागे सुटली तेव्हाच गाभण राहिली होती. मी न तपासता टोचलं. चूक माझी आहे," एवढं कसंबसं बोललो.

"सुटली कोनाच्या हयगयीनं?"

"ते मी विचारलं नाही," मी खोटं बोललो.

"आता पिल्लू पडलं त पडलं," मालक म्हणाले. " पन तुमी दर आठ दिवसांनी याल. आन् हात घालून पाहाल."

उंटिणीला व्यायला तेरा महिने लागतात. वर्षभर मी सायकलने जात राहिलो. पोचल्यावर नजर आधी तिच्या मागच्या पायांवर जाई, रक्त ओघळलंय का म्हणून. मग तेल लावलेला हात आत घालताना माझेच दात वाजत. एकदा तिने सदरा फाडला. पुढे पिल्लाचं हलणं बोटांना लागू लागलं आणि भीती आणखीच वाढली. आता गमावण्यासारखं काही हाताशी होतं.

पुढच्या थंडीत ती सकाळच्या उन्हात व्याली. पिल्लू ओलं, नुसत्या पायांचं. तीनदा पडलं, चौथ्यांदा उभं राहिलं. सालगडी आणि मी गोठ्याच्या भिंतीला टेकून धुळीत बसलो होतो. दोघांपैकी कुणालाच उठवत नव्हतं.