धुऊन आलेल्या चादरी

जहाजावरच्या नऊशे कामगारांत त्यांना नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. सगळ्यांचे ते मामा. कप्तान वयाने चार वर्षांनी मोठा, पण तोही मामाच म्हणायचा. लोक ज्याला मामा बनवतात, तसले मात्र ते नव्हते. खालून दुसऱ्या मजल्यावर, जिथे एकही खिडकी नाही आणि बारा महिने वाफ भरलेली असते, तिथल्या लाँड्रीचे ते मुख्य. डागाच्या बाबतीत त्यांना फसवणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. एकदा एका चादरीवरचा कॉफीचा डाग बघून ते म्हणाले होते, "नवराबायकोचं भांडण झालंय. सांडलेल्या कपाचे शिंतोडे उशीपर्यंत जात नाहीत, फेकलेल्याचे जातात." पोरं पोट धरधरून हसली. संध्याकाळी त्या खोलीतल्या बाईंनी वेगळी खोली मागितली, तेव्हा हसणं थांबलं.

मामांची आई एका दवाखान्यात चादरी धुवायची. पाणी किती कढत हवं, कुठल्या डागाला थंड पाणीच लागतं, हे सगळं तिच्याकडून आलेलं. जहाजावर त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. घरी बायको आणि दोन मुली. पाच वर्षांपूर्वी बायकोची धाकटी बहीणही याच जहाजावर खोल्या साफ करायच्या कामाला लागली, ती मामांच्याच शब्दावर. तेव्हापासून मामांवर लक्ष ठेवायला घरचं माणूस होतं, आणि ते माणूस बोलायला कुणाला ऐकणारं नव्हतं.

ही गोष्ट एका बारा दिवसांच्या सफरीतली. दोन हजार प्रवासी होते. तिसऱ्या दिवशी सकाळी गाठोडी सोडताना मामांच्या हाताला एक चादर लागली. ओली, पिळलेली, आणि तिला न्हाणीघरातल्या छोट्या साबणवडीचा वास. त्यांनी ती नाकाशी धरली. मग शोधाशोध केली, तर तशाच आणखी दोन निघाल्या.

मेहुणी रिकामी ढकलगाडी न्यायला आली होती. मामांनी तिला विचारलं, "सहलीला आलेलं माणूस चादर कशाला धुवेल गं?"

"माझ्या बोळातली ना? ती शिक्षिकाबाईंची. निवृत्त झाल्यात, एकट्याच आल्यात. चहा सांडला म्हणाल्या. इतक्या ओशाळल्या की मीच म्हटलं, असू द्या हो, आमच्या भावोजींना तेवढंच काम."

"चहा नाही हा. चहा साध्या साबणाने असा निघत नाही, कडेला पिवळी रेघ राहते."

"भावोजी, जेवायला चला. ताईने मला बजावून ठेवलंय, चादरी हुंगत बसले की हाताला धरून ओढून ने."

मामा जेवायला गेले, पण जेवतानाही डोक्यात ती चादरच होती.

दुसऱ्या दिवशी तशा अठ्ठावीस चादरी आल्या. नऊ वेगवेगळ्या बोळांतून. प्रत्येक गाठोड्याला बोळाच्या क्रमांकाची पट्टी असते, त्यामुळे कुठली कुठून आली ते कळत होतं. मामांनी त्या एका बाजूला रचल्या आणि खडूने दारावर आकडे मांडले. कालच्या तीन, आजच्या अठ्ठावीस. एका खोलीत पोराने अंथरूण ओलं केलं असेल, दुसरीत दारू सांडली असेल. पण एकतीस खोल्यांत एकतीस माणसं, एकमेकांना न सांगता, लाजत, न्हाणीघरात उकिडवी बसून चादर धुतात, ते एकाच कारणाने.

ते तसेच, वाफेने भिजलेल्या सदऱ्यानिशी, लिफ्टने वर दवाखान्यात गेले. डॉक्टरबाई त्यांच्या थोरल्या मुलीच्या वयाच्या. जहाजावर येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता.

"उलट्या-जुलाबाचे किती आहेत तुमच्याकडे?" मामांनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी वही बघितली. "चार. का?"

"तुमच्याकडे चार आले. माझ्याकडे एकतीस आलेत."

त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरबाई हसतील असं त्यांना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "माणसं लपवतात, मामा. एकदा आजारी म्हणून नोंद झाली की बरं वाटल्यावरही पुरे दोन दिवस खोलीबाहेर पडता येत नाही. वर्षभर वाट बघून आलेल्या माणसाला ते कसं सोसवणार? मग बरं वाटलं की निघाले जेवायला. कठड्याला हात, चमच्याला हात."

"एवढ्यानं होतं?"

"सुईच्या टोकावर हजारो मावतील एवढा तो जंतू. आणि माणूस आडवा करायला त्यातले वीसेक पुरतात." बोलता बोलता त्या थांबल्या. "तुम्ही त्या चादरींना हात लावलात?"

"हात काय, नाकाशी धरल्या."

डॉक्टरबाईंनी क्षणभर डोळे मिटले. "आधी हात धुवा. तिथे, त्या बेसिनवर. साबण लावून, सावकाश. बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या खाली, अंगठ्याच्या मागे. ती जेलची बाटली नको, या जंतूला ती फारशी लागू पडत नाही."

मामांनी हात धुतले. एकोणीस वर्षं त्यांचे हात साबणाच्या पाण्यातच गेले होते, पण त्या दिवशी त्यांनी आपले तळवे प्रथमच पाहावेत तसे पाहिले. काहीच दिसत नव्हतं. कातडी, रेषा, जुना चटका. त्या रेषांमध्ये एक अख्खं जहाज आजारी पडेल एवढं काही बसलं असेल, या विचाराने त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

ओल्या चादरी कुठल्या खोल्यांतल्या, ते त्या त्या बोळातल्या सफाईवाल्यांनी सांगितलं. आता त्या एकतीस खोल्यांना बोलतं करायचं काम होतं. ते मेहुणीकडे आलं. हातमोजे घालून, तोंडाला कापड बांधून ती दारोदार गेली. दारात उभी राहून ती एवढंच म्हणायची, "चादर धुतलीत म्हणून आमचे भावोजी रुसलेत. म्हणतात, माझ्या हातचं काम काढून घेतलं." ऐकणारं माणूस आधी कानकोंडं व्हायचं, मग हसायचं, मग सगळं सांगायचं. एकतीसपैकी सव्वीस जणांनी कबूल केलं. डॉक्टरबाईंनी सांगितलेले प्रश्नही तिने विचारले. काय खाल्लं? प्रत्येकाचं वेगळं. कुठे बसलात, कुठे फिरलात? तेही वेगळं. फक्त वाचनालय सगळ्यांच्या तोंडी होतं.

ते ऐकून डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुस्तकं?"

मेहुणीने कपाळावर हात मारायला उचलला आणि हातमोजा आठवून अर्ध्यावरच थांबवला. "पुस्तकं नव्हे, चित्र! तीन हजार तुकड्यांचं डोंगर-तळ्याचं चित्र आहे तिथल्या टेबलावर, जोडायचं. येता-जाता सगळे दोन दोन तुकडे लावतात. शिक्षिकाबाई पहिल्या दिवसापासून तिथेच. अख्खं वाचनालय मी रोज पुसते. फक्त त्या चित्राला हात लावू देत नाहीत. म्हणतात, तुकडे हलतील."

एवढ्या मोठ्या जहाजावर रोज पुसलं न जाणारं एकच ठिकाण होतं, आणि दोन हजार माणसांतली शेकडो बोटं तिथेच फिरत होती. एकाने तुकडा उचलून, जुळत नाही म्हणून ठेवून द्यायचा, दुसऱ्याने तोच उचलायचा. पहिला आजारी कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्याच्या बोटांवरचं एवढंसं काही दोन दिवसांत नऊ बोळांत पोचलं होतं, आणि कुणाला पाऊल वाजल्याचंही कळलं नव्हतं.

संध्याकाळी कप्तानाने स्वतः माईकवरून सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. "ज्यांनी लपवलं त्यांना कुणी बोल लावणार नाही. फक्त आता सांगा आणि खोलीत थांबा. जे हवं ते दारात येईल." तासाभरात दवाखान्यात एकोणचाळीस फोन आले.

ते चित्र गोळा करून कचऱ्याच्या भट्टीत टाकायचं ठरलं. शिक्षिकाबाई खोलीत अडकलेल्या, त्यांच्या माघारी ते काम मेहुणीने केलं. नंतर जेवणाचं ताट द्यायला गेली तेव्हा बाईंनी दार किलकिलं करून विचारलं, "आभाळ पुरं झालं होतं का हो?"

"झालं होतं बाई. डोंगराचंच थोडं राहिलं होतं."

"बरं झालं," बाई म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

दुसरा दिवस उजाडला तो मामांनी जन्मात न पाहिलेला. ब्लीचच्या पाण्यात बुडवलेली फडकी वर पोचवायला ते गेले होते. बघतात तर पियानो वाजवणारा जिन्याचा कठडा पुसतोय, वरपासून खालपर्यंत, एकही इंच न सोडता. नाच करणाऱ्या पोरी गुडघ्यांवर बसून खुर्च्यांचे पाय पुसतायत. जादूगार लिफ्टची बटणं पुसत होता. जेवणघरात कुणी आपल्या हाताने वाढून घेत नव्हतं, हातमोजे घातलेले आचारी ताटं भरून देत होते. आणि एका दाराची मूठ दोन्ही हातांनी घासत स्वतः कप्तान उभा होता, सोन्याच्या पट्ट्या लावलेल्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून. तोंडात बोटं घालावीत असंच ते सगळं होतं, पण डॉक्टरबाईंनी नेमकी त्यालाच बंदी केली होती. मामा हातात बादली घेऊन नुसते उभे राहिले. नऊशे माणसं. ज्याला कुणीही पाहिलं नाही आणि पाहणारही नाही अशा वैऱ्याविरुद्ध, चादरी हुंगणाऱ्या एका माणसाच्या सांगण्यावर, फडकी घेऊन उतरलेली.

खाली लाल पिशव्यांचा डोंगर झाला होता. आजाऱ्यांच्या चादरी त्या पिशव्यांत येतात. पिशवी उघडायची नसते. तशीच मशिनमध्ये टाकली की गरम पाण्यात ती विरघळून जाते आणि माणसाचा हात कुठेच लागत नाही. मामांनी अशा दीडशे पिशव्या टाकल्या. एकशे एकावन्नावी उचलली आणि त्यांना भिंत धरावी लागली.

पुढचा दिवस त्यांना तुटक तुटकच आठवला. ओल्या कपड्यांची गाठोडी खांद्यावर टाकून चालणारा माणूस, पण पेला उचलताना हात लटपटत होता. आतडी कुणी पिळून काढावीत तसं होत होतं. पिळण्याचं काम आजवर त्यांनी केलं होतं, आता त्यांची पाळी आली. तशाही अवस्थेत त्यांना भीतीपेक्षा नवलच अधिक वाटत होतं. वीसेक. डॉक्टरबाई वीसेक म्हणाल्या होत्या.

"भावोजी!" दाराबाहेरून आवाज आला. "मीठ-साखरेचं पाणी ठेवलंय. घोट घोट घ्या, एकदम ढोसू नका."

"तू जा इथून. लागण होईल."

"दाराच्या अलीकडे आहे मी. आणि ताईचा फोन होता. तिला सांगितलं, कामात आहेत."

"खोटं कशाला बोललीस?"

"मग काय सांगू? जन्मभर चादरी हुंगल्या, शेवटी एकीने तुम्हालाच हुंगलं म्हणून?"

मामा हसले आणि हसण्याने पोटात कळ आली. कळ येऊनही ते हसत राहिले.

बरं वाटल्यावरही त्यांनी दोन दिवस खोलीचा उंबरा ओलांडला नाही. मेहुणी रोज दाराबाहेरून नव्या रुग्णांचा आकडा सांगायची. आधी वाढत गेला: सत्तेचाळीस, मग बावन्न. मग एकोणतीस. मग अकरा. मामा दार उघडून बाहेर आले त्या दिवशी तीन. दहाव्या दिवशी ती काही बोलली नाही, नुसती मूठ उघडून रिकामा तळहात दाखवला. एकंदर दोनशे अकरा माणसं आजारी पडली होती. सगळी आपल्या पायांनी जहाजावरून उतरली.

उतरताना शिक्षिकाबाई लाँड्रीची वाट विचारत विचारत खाली आल्या. मामांना म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं हो."

"चहाचा डाग नव्हता, हे माझ्या लक्षात आलं होतं, बाई," मामा म्हणाले. "पण धुतली छान होती. पीळ एकसारखा."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि हसल्याही.

जहाज दीड दिवस धक्क्याला उभं राहिलं आणि आतून-बाहेरून घासलं गेलं. मग पुढच्या सफरीचे प्रवासी चढायचा दिवस आला. डॉक्टरबाई मामांकडे आल्या. "जेवणघराच्या दाराशी बेसिनं बसवली आहेत. हात धुतल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. पोरंपोरी उभी केली तर लोक नाक मुरडतात. पहिले दोन तास तुम्ही उभे राहाल का?"

मामांनी इस्त्रीचा पांढरा सदरा चढवला आणि जाऊन उभे राहिले. एकोणीस वर्षं त्यांनी प्रवाशांची अंथरुणं पाहिली होती. माणसं अशी समोरून पाहिली नव्हती. ती येत गेली, आणि मामांना त्यांचे हातच दिसत राहिले. अंगठीत रुतलेली बोटं. मेंदी नाही, रंग नाही, नुसती शाई लागलेली तर्जनी. कापरा हात आणि त्याला धरलेला दुसरा. पाच वर्षांच्या मुलीची, टाचा उंचावूनही नळापर्यंत न पोचणारी बोटं. तिला मामांनी काखांत हात घालून उचललं. या सगळ्या हातांनी जिना चढताना कठडा धरला होता, एकमेकांचे हात हातात घेतले होते, एकमेकांचं सामान उचललं होतं. आता पुढचे बारा दिवस ते एकाच छपराखाली जेवणार, झोपणार, नाचणार. आणि तरीही बहुतेक सफरींत बहुतेक माणसं धडधाकट घरी परततात. मामांना याचं कधी काही वाटलं नव्हतं. आज वाटलं.

"किती वेळ धुवायचे हो?" एका म्हाताऱ्या गृहस्थांनी जरा त्राग्यानेच विचारलं.

"नातवंडाची दोन कडव्यांची कविता म्हणून होईल तितका वेळ," मामा म्हणाले. "येत नसेल तर मी म्हणतो."

गृहस्थ हसले, बाह्या वर सारल्या आणि हात पुढे केले. मामांनी नळ सोडला.

"या काका. पाणी कोमट आहे."