नव्याण्णव टक्के ओल

खरेदी कार्यालयाने मला फसवले. झाशीजवळच्या मऊरानीपूरच्या माझ्या भुईमुगाच्या शेंगा वाळून खडखडत होत्या, तरी ओल्या म्हणून सगळा माल परत पाठवला.

भांडायला गेलो तो तिथल्या कॉम्प्युटरवाल्या बाबूशी. रेल्वेतल्या मराठी घरातला, पण माझ्याशी कायम हिंदीतच बोलणारा. तपासणीची फाइल सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवणे हे त्याचे काम. आधी तो मान तिरकी करून कच्च्या फाइलची पहिली ओळ पुटपुटतो, मग थेट शेवटची, आणि चष्मा पुसतो. मला ते बघत बसायला आवडते.

त्या दिवशी त्याने मॉनिटर माझ्याकडे वळवला. माझ्या काही पोत्यांपुढे ओल लिहिली होती नव्याण्णव टक्के.

"भैया, मूंगफली है या तरबूज?" मी ओरडलो.

"निन्यानवे मतलब जाँच हुई ही नहीं. फाइल लेते समय सॉफ्टवेयर को यह बताना पड़ता है, नहीं तो वह सच मान लेता है और पूरे माल का औसत बढ़ जाता है."

"मग सांगितलं का नाही?"

त्याने शेजारच्या टेबलांकडे पाहिले आणि पहिल्यांदाच अडखळत मराठीत म्हणाला, "भाऊ, मी साहेबाला विचारला होता. ते बोलले, जशी आहे तशी उतार."

पुन्हा चष्मा पुसू लागला. साहेबांच्या सांगण्यावरून फाइल तशीच उतरवणाऱ्या या माणसाने मला का सांगितले, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. त्याची नोकरी जाऊ नये म्हणून त्याचे नाव मी घेत नाही. पण साहेब, न तपासलेली शेंग ओली कशी ठरली, याचे उत्तर तुम्हीच द्या.