तुपावर करडीचं तेल

दुसऱ्यांच्या रक्ताची एवढी काळजी वाहणारा माणूस माझ्या घरमालक काकांसारखा अख्ख्या जालन्यात झाला नाही, आणि स्वतःच्या रक्तानं ज्याला इतकं उघडं पाडलं असाही दुसरा कुणी नसेल. मी मूळचा कोकणातला. आठवीत शाळा सुटली, पुढं गाववाल्या एकाच्या ओळखीनं इकडं एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात पोती शिवायला लागलो. मस्तगडात काकांच्या घराची मागची खोली मिळाली आणि खोलीबरोबर काकूंच्या हातचं दोन वेळचं जेवण. परमुलखात अनोळखी पोराला एवढं कोण देतं? त्यामुळं काका जे बोलतील ते मान डोलावून ऐकायचं, हे मी पहिल्या दिवसापासून ठरवून टाकलं होतं. खोली जाईल ही धास्ती कायम असायची. काका नुसते खाकरले तरी वाटायचं, आता म्हणतील, बिस्तरा उचल.

काका एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. सगळा जन्म गाड्या फलाटाला लावण्यात आणि हलवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर हलवायला काही उरलं नाही आणि ते घरातल्या घरात काकूंची भांडी हलवायला लागले. तेवढ्यात छातीत जड वाटलं म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं आणि कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणून सांगितलं. दुसरा माणूस घाबरला असता. काकांना नवी नेमणूक झाल्यासारखं वाटलं.

"हे पाय कोकण्या," ते जेवताना मला समजावत, "रगत म्हंजे स्टँड. त्यात कोलेस्टेरॉलच्या दोन गाड्या. एक वाईट. ती फलाटाला येऊन उभी राह्यते, हलायचं नाव न्हाई. मागं लाईन लागते, रस्ता जाम. दुसरी चांगली. ती उभ्या गाडीतला माल उचलून डेपोत नेते. डेपो म्हंजे आपलं लिव्हर."

"आणि वाईट गाडी सोडतं कोण?"

"तूप, लोणी, खोबरं. जे जे थंडीत जमतं, घट्ट होतं ते सगळं. करडी, सूर्यफूल, जवस हे जमत न्हाईत, ते वाईट गाड्या कमी करतात. शेंगदाणा मधल्यामधी, गरीब बिचारा. आणि डालडा सगळ्यात हरामखोर. चांगलं वाहतं तेल पकडून जबरदस्तीनं जमवलेलं. ते वाईट गाडी आणतंच, वरून चांगल्या गाडीला बी हाकलून देतं."

डॉक्टरांनी यासाठी संपृक्त, असंपृक्त असे भारदस्त शब्द वापरले होते. काकांनी ते दवाखान्यातच सोडले आणि जगाची दोनच भागांत वाटणी केली. जमणारे आणि न जमणारे. ही वाटणी सिद्ध करायला त्यांनी हिवाळ्यात गच्चीच्या कठड्यावर प्रयोगशाळा उघडली. आळीतल्या घराघरांतून औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत तेल मागून आणायचं, रात्रभर थंडीत ठेवायचं, आणि सकाळी मफलर गुंडाळून एकेक बाटली उलटी करून पाहायची. कोपऱ्यावरच्या टेलरचं तेल एकदा निम्मं गोठलं. काका तडक त्याच्या दुकानात गेले आणि भर गिऱ्हाइकात म्हणाले, "मास्तर, तुमच्या तेलात पाम हाये. जल्दी बदला. न्हाई तर हा जो कोट शिवून राह्यलात ना, तो घालणारा राहील, शिवणारा न्हाई."

टेलर तोंडातली टाचणी काढून म्हणाला, "काका, आधी गिऱ्हाइकाचं माप घेऊ द्या. माझं मंग घ्या."

लग्नाच्या पंगतीत काका जिलबी खाण्याआधी नाकाशी धरत. एका लग्नात त्यांनी वाढप्याला थांबवून 'डालड्यात तळून राह्यलेत' असा निकाल सगळ्या रांगेला ऐकवला. लोकांनी जिलब्या खाल्ल्याच, उलट किती डालडा आहे ते पाहायला दोन जास्त घेतल्या. लग्न व्यवस्थित पार पडलं, फक्त त्या घरचं आमंत्रण काकांना पुन्हा कधी आलं नाही. याचं त्यांना दुःख नव्हतं. सत्य बोलणाऱ्याचं असंच होतं, असं ते भरल्या पोटानं म्हणाले.

पहिल्या हिवाळ्यात माझ्यावरही पाळी आली. आईनं गावाहून खोबरेलाची बाटली पाठवली होती. आमच्याकडं ते असं कधी गोठत नाही. जालन्याच्या थंडीत एका रात्रीत त्याचा पांढरा दगड झाला. मला वाटलं, नासलं. आईनं घाण्यावर उभं राहून काढून घेतलेलं तेल, डोळ्यांत पाणीच आलं. काकांना आनंद झाला. बाटली कठड्यावर मधोमध ठेवून ते शेजाऱ्यांना म्हणाले, "पुरावा." पोटात घालायला बंदी झाली, डोक्याला मात्र परवानगी मिळाली. "डोक्यात जमलं तर जमू दे," काका म्हणाले, "तिथं तसंबी ट्राफिक न्हाई." पण त्यानंतर थंडीत रोज सकाळी, मी अंघोळीला गेलो की ती बाटली कुणीतरी सावलीतून उचलून पहिल्या उन्हात ठेवलेली असायची. मी येईतो तेल पातळ झालेलं असे. विचारलं तर काका म्हणत, "जागा अडवून राह्यली होती, सरकवली."

मी मात्र रविवारी स्टोव्हवर खोबरेलाच्याच फोडणीचं कालवण करत होतो, तेही वाटलेलं खोबरं घालून. काका दारातून वास घेत आणि माझ्या आयुष्याबद्दल चार शब्द बोलून जात.

आता एवढ्या ज्ञानी माणसाच्या ताटात काय असावं? त्यांच्या गावाहून, केदारखेड्याहून, भाऊ घरच्या म्हशीचं तूप आणून द्यायचा. काका ते ऊन ऊन वरणावर असं सोडत की वरण दिसेनासं होई. मग त्यावर वाटीभर करडीचं तेल. "तूप चढवतं, करडी उतरवते. हिशोब बराबर." डॉक्टरांनी माझ्यादेखत स्पष्ट सांगितलं होतं की तूप बंद करायचं आणि त्याच्या जागी करडी घ्यायची. दोन सूचनांपैकी एक काकांनी इतक्या निष्ठेनं पाळली की दुसरीला जागाच उरली नाही.

पुढचा रिपोर्ट वाढून आला. काकांनी तपासणाऱ्याला नावं ठेवली आणि वाटी मोठी केली. त्याच्या पुढचा आणखी वाढला. डॉक्टर म्हणाले, आता खाली आलं नाही तर औरंगाबादला नेऊन हृदयात तार घालून बघावं लागेल. एवढ्यात काका गच्चीच्या जिन्यात अर्ध्यावर थांबायला लागले होते. कठड्याला धरून उभे राहायचे आणि भिंतीचा रंग कसा उडालाय ते बघितल्यासारखं करायचे. काकू खालून बघत असायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, "तू बोल बाबा त्यांच्याशी. मी म्हणलं तर म्हणतात, तुला भाकरीतलं कळतं, चरबीतलं न्हाई. त्यांला काई झालं तर मी काय करू?"

काकूंनी पहिल्यांदाच माझ्याकडं काही मागितलं होतं. आणि बोललो तर खोली जाणार, याची मला खात्री होती. दुपारी काकांनी तुपावर तेल ओतायला वाटी उचलली तेव्हा मी ताटात बघत म्हणालो, "काका, फलाटावरची गाडी हलवायला तुम्ही माणूस लावला, बरोबर. पण पाठोपाठ रोज नवीन गाडी आणून उभी करताय. मग जाम कसा सुटणार?"

काकांनी वाटी खाली ठेवली. ताटातच हात धुतला आणि वर निघून गेले. काकू माझ्याकडं बघत राहिल्या. मी खोलीत जाऊन खरोखरच बिस्तरा गुंडाळला.

संध्याकाळी काका दारात आले. "हे काय करून राह्यला?"

"काही नाही. झाडायचं होतं."

ते गुंडाळलेल्या बिस्तऱ्यावरच बसले. मग म्हणाले, "ते तूप मायच्या रवीचं हाये रे. माय गेली, आता भावजय घुसळते, पण रवी तीच. नोकरीसाठी गाव सोडून आल्तो तेव्हापासून तेवढंच येतं माझ्यापाशी. ते बी सोडू?"

कोनाड्यात आईची बाटली होती, तिच्याकडं माझी नजर गेली. काकांचीही गेली.

"मंग असं कर," काका म्हणाले. "तू तुझं जमणारं सोड, मी माझं सोडतो. जो आधी मोडंल त्याला काकूच्या हातची भाकरी बंद."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुपाची बरणी भावाकडं परत पाठवली. पाठवण्याआधी झाकण उघडून एकदा खोल वास घेतला. "वासात चरबी नसते," असं मला बजावलं. मी कालवण करडीत केलं. ते कशासारखंच लागलं नाही. काका म्हणाले, "तुला सवय न्हाई."

नंतरचा रिपोर्ट खाली आला. फार नाही, पण औरंगाबाद टळलं. काका जिना एका दमात चढायला लागले आणि सगळं श्रेय करडीला दिलं. पथ्य त्यांनी केलं होतं, पण ते कुणाला सांगण्यासारखं शास्त्र नव्हतं.

पुढं बरीच वर्षं काका आळीच्या बाटल्या उलट्या करत राहिले. गेले ते मार्गशीर्षात, न्यूमोनियानं. हृदयाचा त्यात बिलकुल दोष नव्हता. ते शेवटपर्यंत वेळेवर चाललं, हे इथं लिहून ठेवलेलं काकांना आवडलं असतं. करार मी अजून मोडलेला नाही. गावी गेलो तरी खोबऱ्याचं वाटण बाजूला सारतो, आणि आई म्हणते, जालन्यानं पोराला बाटवलं.

वर्षश्राद्धाला भाऊ केदारखेड्याहून आला, तुपाची तीच बरणी घेऊन. काकूंनी काकांचं पान वाढलं, आम्ही ते वर नेऊन कठड्यावर, जिथं बाटल्या असायच्या तिथं ठेवलं. काकू बरणी धरून थांबल्या. "घालू का रे?"

"घाला काकू. आता कुठं रिपोर्ट काढायचाय." थोडं थांबून मी म्हणालो, "आणि वरून करडीचं पण सोडा. हिशोब बराबर राहू द्या."

काकू हसल्या आणि पदरानं डोळे पुसले. तूप घातलं, त्यावर तेल सोडलं. आम्ही मागं सरून कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कठड्याच्या दुसऱ्या टोकाला, सावलीत, माझी खोबरेलाची बाटली पांढरी होऊन पडली होती. वर्षभरात तिला कुणी हलवलं नव्हतं, मीसुद्धा. काकू पुढं झाल्या आणि त्यांनी ती उन्हात सरकवली. कावळा आला तोवर तेल कडेनं सुटायला लागलं होतं.