सरांचं सायटेशन

ये गं सुजाता, या पत्रातूनच अशी जवळ सरक आणि कान इकडे कर, ओढायचाच आहे. सरांना बढती मिळाल्याचं कळलं आणि तू फोनवर नुसता अंगठा पाठवलास? मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. पुड्यांच्या कागदावरची अक्षरं लावत बसले, तेव्हा कुठं माझा अंगठा सुटून सही आली. आणि तुम्ही तारे शिकलेल्या पोरी परत अंगठ्यावर आलात होय?

तू आमच्या विश्रामबागेतल्या घरात खालच्या खोलीत राहायचीस, तेव्हापासून सर वरच्या मजल्यावर. तुझे सर, माझे भाडेकरू. माणूस एकाच ताऱ्यावर जीव लावून बसलेला. तो तारा म्हणे मंद होतो, पुन्हा उजळतो, आणि का ते कुणाला नीट ठाऊक नाही. जेवण उरकलं की सर गच्चीवर. जिन्यात मी विचारायची, "काय म्हणतोय तुमचा जावई?" सर म्हणायचे, "आज रुसलाय." म्हणजे मंद. सुट्टी लागली की दुर्बीण लेकरासारखी मांडीवर घेऊन एसटीनं माझ्या माहेरी, म्हसवडला. तिथं आभाळ काळंभोर. माझा भाऊ त्यांच्यासाठी अंगणातला दिवा घालवून अंधारात जेवायचा.

एवढं करून पेपर छापून यायचा कधीतरी एखादा. विचारलं की ठरलेलं उत्तर, "तारा घाई करत न्हाई मावशी, मी कशाला करू?" शिराळ्याचा माणूस. वर्गात शुद्ध बोलायचा, माझ्याशी बोलताना गावावर यायचा.

मग एका संध्याकाळी बघते तर सर जिन्यात कठडा धरून उभे. तोंड उतरलेलं. म्हणाले, "मावशी, सायटेशन वाढत न्हाई."

मी म्हटलं, "मग बरंच हाय की. वाढलं म्हंजे पाय उचलत न्हाई. आमच्या ह्यांना लय तरास झालता." आणि निरगुडीचा पाला गरम करून वर घेऊन गेले. सर हसून हसून खुर्चीत कलले. मग समजावलं, सायटिका नव्हे, सायटेशन. आपण जे शोधून लिहिलं, त्याचं दुसऱ्यानं आपल्या लिखाणात नाव घ्यायचं. जितक्यांनी नाव घेतलं, तितका माणूस मोठा.

"आणि न्हाई घेतलं तर?"

"तर कॉलेज म्हणतंय, पुढच्या साली दुसरा माणूस बघतो."

हसू तिथंच थांबलं. घरात बारावीची लेक, शिराळ्याला अंथरुणावर पडलेले वडील. या वयात ताऱ्यावाल्याला दुसरीकडे कोण बोलावणार? पाला मात्र त्यांनी गुडघ्याला बांधून घेतला, माझा मान राखायला.

दिवाळीनंतर दुसऱ्या कॉलेजातले एक प्राध्यापक आले. गोड बोलणारा माणूस. चहा मीच वर नेला. तो सरांना सांगत होता, "अवघड काय त्यात? तुम्ही आमची नावं घ्या, आम्ही तुमचं घेतो. आपली मंडळी आहेत तशी." मला राहवलं नाही. "म्हंजे साटंलोटं की ओ," मी म्हटलं. पाहुणा हसला, "आजी, नेमकं बोललात."

तो गेल्यावर मी सरांना खाली बोलावून बसवलं. माझ्या चुलत बहिणीचं साटंलोटं झालं होतं. ती एका घरात दिलेली, तिथली तिची नणंद आमच्या घरात आणलेली. तिकडं हिला कुणी बोललं की इकडं तिला ऐकून घ्यावं लागायचं. बहिणीला माघारी यायचं होतं. पण ही आली तर नणंदेलाही भरल्या संसारातून उठावं लागणार. जन्मभर दोघी एकमेकींच्या दाराला कडी होऊन बसल्या. "लेक द्यायला सोपी, सर," मी म्हटलं, "माघारी आणायला जीव जातो."

सर कप फिरवत बसले. म्हणाले, "एकच साल, मावशी. लेकीची ॲडमिशन होऊ दे. तारा काय, हायच की."

साल गेलं. सायटेशन असं वाढलं की कॉलेजच्या फाटकावर सरांचा फ्लेक्स लागला. नोकरी राहिली, बढतीही आली. पण आता ती मंडळी सोडतात कुठं? फोन येतो, सर, आमच्या पोरांचीही नावं बसवा की. ती बसवली नाहीत तर ते सरांचं घ्यायचं थांबणार, मग आकडा पडणार, मग विचारणा. आणि सरांनी तोंड उघडावं, तर फ्लेक्सवरचंच तोंड काळं व्हायचं. जेवण झालं की सर खोलीत बसून नावं बसवतात. ताऱ्याचा पेपर अर्धा पडलाय. दुर्बिणीवर माझं जुनं लुगडं घातलंय, धूळ बसू नये म्हणून.

परवा जिन्यात विचारलं, "जावई काय म्हणतोय?"

"ठाऊक न्हाई, मावशी." कठडा धरून थांबले. मग म्हणाले, "माझं नाव एवढी लोकं घेत्यात, पर त्यातल्या एकानंबी तो तारा बघितलेला न्हाई." वर चढता चढता वळले. "त्यो पाला हाय का ओ शिल्लक?"

मला हसायलाही आलं नाही बघ.

सरांखेरीज तो तारा बघितलेली माझ्या ओळखीत तू एकटी. मी कितीदा डोळा लावला, मला सगळे सारखेच. तू त्यांना समजवायला जाऊ नकोस, काही विचारूही नकोस. नुसतं गच्चीवरून हाक मार, "सर, सापडेना, कुठं आलाय?" दाखवायला तरी वर येतीलच. थंडी पडलीय, आभाळ धुतल्यागत आहे, आणि गच्चीची किल्ली माझ्या कमरेला आहे. अंगठा पुरे झाला, आता पाऊल दिसू दे. लवकर ये.