रुमालाखालचे टोमॅटो

टोरोंटोजवळच्या व्हिटबीत नॉर्बर्ट तुस्कानोच्या वर्गाने २००८च्या उन्हाळ्यात एका सरकारी बाईला ट्रकभर टोमॅटो विकले. टोमॅटो नव्हते, ट्रकही नव्हता. नॉर्बर्टची आफ्रिकेतली नोकरी मात्र त्या सौद्यावर अडकली होती.

नॉर्बर्ट वसईजवळच्या गिरीजचा, केळी-भाजीच्या वाडीत वाढलेला. टोरोंटोत आल्यावर एका मोठ्या ग्रोसरी साखळीसाठी तो भाजीपाला खरेदी करायचा. ती साखळी विकली गेली, नव्या मालकांनी खरेदी कॉम्प्युटरवर सोपवली आणि नॉर्बर्ट घरी बसला. घरी म्हणजे फ्रीजसमोर. त्याची बायको मेव्हिस दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर होती. ती एक दिवस म्हणाली, "माझ्या कोथिंबिरीला रोज नापास करणं बंद कर. कुठेतरी अप्लाय कर."

त्याने केलं. एक संस्था घाना आणि झांबियातल्या तरुणांना शेतमालाच्या धंद्याचं व्यवस्थापन शिकायला व्हिटबीत आणत असे. शीतगृह, पॅकिंग, करार, कर्ज हे सगळं शिकून त्यांनी परत जायचं आणि तिथल्या कंपन्या, सहकारी संस्था चालवायच्या. नॉर्बर्टकडे घासाघीस हा विषय आला. पुढच्या वर्षी संस्था घानातल्या कुमासी शहरात कायमचं केंद्र काढणार होती. तिथला पहिल्या सहा महिन्यांचा मुख्य शिक्षक कोण, हे अनुदान देणाऱ्या सरकारी खात्याची लॉरा ठरवणार होती, शेवटची परीक्षा पाहून.

नॉर्बर्टला ती जागा हवी होती. का, ते मेव्हिसने सांगितलं. "इथे त्याचं कोण ऐकतं? मुलगी दूर विंडसरला. फोनवर म्हणते, 'डॅड, आय हॅव टु गो.' तिकडे निदान वर्ग भरून पोरं ऐकतील." तिचाही फायदा होता. "सहा महिने रिमोट माझ्या हातात."

घासाघिशीचं पुस्तक संस्थेने दिलं होतं. त्यात 'दोघांचाही विजय' अशी आकृती होती. नॉर्बर्टने ती एकदा पाहिली, पुस्तक मिटलं आणि खिशातून चौकड्यांचा रुमाल काढला.

वाडीतल्या रहाटाला बैल लागे, तेव्हा वडील त्याला गुरांच्या बाजारात नेत. तिथे भाव तोंडाने बोलत नसत. विकणारा आणि घेणारा कापडाखाली हात घालून बोटं धरत. धरलेली बोटं म्हणजे आकडा. हात झटकला म्हणजे नकार. हात धरून हलवला म्हणजे सौदा पक्का. मग माघार नाही. "भाव सगळ्यांनी ऐकला की पुढचं गिऱ्हाईक तिथूनच खाली उतरतं," नॉर्बर्टने वर्गाला सांगितलं. "आणि दुसरा नियम. समोरचा बोलेपर्यंत आपण गप्प. गप्प बसलेल्या माणसाला लोक घाबरतात."

वर्गात एफुआ नावाची मुलगी होती. तिची आई कुमासीच्या बाजारात टोमॅटो विकायची. ती म्हणाली, "सर, आमच्याकडे बायका भाव ओरडून सांगतात. मी हात झाकला तर आई विचारेल, काय चोरलंस?"

"आईला सांग, भाव चोरला."

एफुआ सगळ्यांत लवकर शिकली.

परीक्षा म्हणजे ट्रकभर टोमॅटोंचा लुटुपुटूचा सौदा. ती पाहायला लॉरा आली. नेमून दिलेला खरेदीदार आजारी होता, म्हणून ती म्हणाली, "घेणाऱ्याचं काम मीच करते. सोपं आहे ना?" एफुआ समोर बसली. "गुड मॉर्निंग" म्हणाली आणि लॉराच्या हातावर रुमाल टाकला.

ऑफिसात कोणाला न विचारता हात लावायचा नाही, याचं प्रशिक्षण लॉराने त्याच महिन्यात घेतलं होतं. दिलंही होतं. ती दगडासारखी बसली. रुमालाखाली एफुआने तिची चार बोटं धरली. लॉराने अंगठा चोरून आत घेतला. अंगठाही देतेय, असं समजून एफुआने तोही धरला. भाव वाढला.

"आय ॲम सो सॉरी," लॉरा म्हणाली. कशाबद्दल ते तिलाही माहीत नव्हतं.

एफुआ गप्प. मागे नॉर्बर्टने डोळे मिटून घेतले होते. लॉराने इकडेतिकडे पाहिलं आणि कॅनडातला सभ्य माणूस भेट संपवताना करतो तेच केलं: हात धरून नीट हलवला.

"सोल्ड!" अख्खा वर्ग उठला. लॉराने बाजारभावाच्या दीडपट दराने ट्रकभर टोमॅटो घेतले होते. हात हलवला म्हणजे सौदा पक्का, हे एफुआने तिला मग सांगितलं.

त्या संध्याकाळी नॉर्बर्टने जेवण टाळलं. "गेली कुमासी," तो म्हणाला.

"कुमासी जाऊ दे," मेव्हिस म्हणाली. "परक्या बाईचा हात पोरीकडून धरवलास! पोलीस आले तर मी बेसमेंटमध्ये लपणार, तूच बोल."

शनिवारी लॉराच घरी आली. चहा घेतला नाही. "मी बजेट तपासते," ती म्हणाली. "आजवर मला कोणी ठरवल्यापेक्षा एक सेंटही जास्त द्यायला लावला नव्हता. त्या मुलीने लावला. कुमासीला तुम्हीच जा. सहा महिने. एक अट आहे, रुमाल इथेच राहील."

नॉर्बर्टला हो म्हणायचं होतं. पण त्यासाठी तोंड उघडावं लागतं, हेच तो विसरला. तो नुसता लॉराकडे पाहत राहिला.

लॉराने खुर्चीत चुळबुळ केली. "सहा महिने कमी वाटत असतील, तर वर्षभर करता येईल."

नॉर्बर्ट गप्पच.

"राहायला घर आहे," ती घाईने म्हणाली. "आणि अर्थात, मिसेस तुस्कानोंचंही तिकीट. दोघांनी जायचं."

मेव्हिसच्या हातातला रिमोट खाली आला. "नॉर्बर्ट, तोंड उघड!" ती मराठीत ओरडली. "तू गप्प बसलास तर ही बाई माझ्या आईलासुद्धा पाठवेल!"

"येस," नॉर्बर्ट म्हणाला.

त्याने हात पुढे केला. लॉराने तो आधी उलटासुलटा पाहिला, मग हातात घेतला. पण हलवला नाही.